बडोदे संस्थानातील विणकामाचे शिक्षण

बडोदे संस्थानात विणकाम शिकण्याच्या तीन वाटा एकामागून एक तयार झाल्या. पहिली घरची: विणकराचे मूल बापाच्या मागाशेजारी वाढे आणि तिथेच धंदा शिके. दुसरी वाट १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी कलाभवन स्थापन केल्यावर खुली झाली. तिथे विणकाम हा वर्गात शिकवायचा विषय ठरला. तिसरी वाट १९१५ नंतर महात्मा गांधींच्या सत्याग्रह आश्रमाने पाडली, आणि बडोद्यातून गेलेले मराठी तरुण व संस्थानातले विजापूर गाव यांचा तिच्याशी जवळचा संबंध आला. तिन्ही वाटांवर शिकणारे लोक वेगळे होते, आणि शिकून ते पोचले ती ठिकाणेही वेगळी होती.

घरचा माग

बडोदे आणि भडोच यांच्या आसपासचा कानम हा काळ्या मातीचा मुलूख कापसासाठी नावाजलेला आहे. गावोगावच्या बायका सूत कातत आणि गावातले वणकर त्याचे जाडेभरडे कापड विणून देत. गुजरातेत वणकर ही जात अस्पृश्य मानली जाई. महाराष्ट्रातल्या साळी, कोष्टी, देवांग या विणकर जातींच्या वाट्याला ही अवहेलना आली नव्हती, पण विदर्भात जाडे कापड विणणाऱ्या महारांची स्थिती वणकरांसारखीच होती. म्हणजे जे कापड सगळे गाव अंगावर घेई, ते विणणाऱ्याला गावाबाहेर राहावे लागे. बाहेरचा कोणी हे काम शिकायला येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि घरातल्या मुलाला दुसरे काही शिकण्याची सोय नव्हती.

वणकराच्या घरचा माग खड्ड्याचा असे. जमिनीत गुडघाभर खड्डा खणून विणकर त्याच्या काठावर बसे आणि पाय खाली सोडून पावड्या दाबी. ताणा, म्हणजे उभे धागे, जमिनीलगत आडवा ताणलेला असे. खड्डामागाला लाकूड थोडे लागते, तो बसक्या घरातही मावतो, आणि जमिनीजवळच्या ओलाव्यामुळे सुती धागा कमी तुटतो. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, त्यामुळे या ओलाव्याला विणकर फार महत्त्व देत.

घरच्या शिक्षणाचा क्रम ठरलेला होता. सहा-सात वर्षांचे मूल आधी रहाटावर कांड्या भरायला बसे. ताण्यातून इकडून तिकडे जाणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या या छोट्या नळ्यांवर बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, सूत सारख्या ताणाने गुंडाळावे लागते. सैल गुंडाळलेली कांडी विणताना एकदम सुटते आणि घट्ट गुंडाळलेली अडकते. ते जमले की मूल तुटलेला धागा बोटांनी पिळून सांधायला शिके. पुढे पांजणीच्या कामात हात लागे. पांजणी म्हणजे ताण्याला खळ देणे. लांबच लांब ताणा सकाळच्या वेळी मोकळ्या जागेत काठ्यांवर पसरत, त्यावर धान्याच्या पिठाची पातळ खळ चढवत आणि मोठ्या कुंच्याने धागे विंचरून वाळवत. खळ कमी पडली तर विणताना धागा पिंजतो, जास्त झाली तर तो काडीसारखा मोडतो. किती खळ पुरे, हे कुठे लिहिलेले नव्हते. ते बोटांच्या चिमटीला कळावे लागे. या कामाला घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले अशा सगळ्यांचे हात लागत. मागावर एक माणूस बसलेला दिसे, पण त्याच्यामागे सगळे घर राबत असे.

प्रत्यक्ष मागावर बसण्याची पाळी सर्वांत शेवटी येई. या क्रमामागे व्यवहाराचा हिशोब होता. कांडी बिघडली तर हातभर सूत वाया जाते, विणताना चूक झाली तर विकायचे कापडच बिघडते. ज्या कामात चूक स्वस्त पडते ते आधी आणि जिथे महाग पडते ते नंतर, असे हे शिक्षण होते.

नवशिक्यापुढचे काम

विणायला बसण्याआधी किती काम असते, हे एका साध्या हिशोबावरून ध्यानात येते. छत्तीस इंच पन्ह्याचे आणि इंचाला चाळीस ताण्याचे धागे असलेले साधे कापड विणायचे तर ३६ × ४०, म्हणजे १,४४० धागे लागतात. हा प्रत्येक धागा एका ठरलेल्या फासातून ओवायचा असतो. फासांच्या या चौकटीला गुजराती विणकर राच म्हणतात. त्यानंतर तोच धागा फणीच्या दातांतून काढायचा. एक धागा चुकीच्या फासात गेला तर त्याची रेघ कापडाच्या टोकापर्यंत जाते. वीस वारांचा ताणा लावायचा तर एकूण सूत २८,८०० वार होते. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरी सुताच्या एका पौंडात १६,८०० वार असतात, म्हणून या ताण्याला सुमारे पावणेदोन पौंड सूत लागते. नवा ताणा लावताना जुन्या ताण्याची टोके राच-फणीत तशीच ठेवून त्यांना नवे धागे एकेक करून सांधण्याची रीत याच कष्टातून आली. त्यामुळे पुन्हा ओवणी करावी लागत नाही.

विणण्याच्या मुळाशी तीनच हालचाली आहेत. पावडी दाबली की निम्मे धागे वर आणि निम्मे खाली जाऊन मध्ये फट पडते. त्या फटीतून धोटा पलीकडे जातो. मग फणी पुढे ओढून आडवा धागा आधीच्या धाग्याला ठोकून बसवायचा. दुसरी पावडी दाबली की वरचे धागे खाली जातात आणि पुन्हा तेच. हालचाली काही तासांत समजतात, पण हात बसायला महिने लागतात. नवशिक्याच्या कापडाचे काठ हमखास आत ओढले जातात, कारण तो बाण्याचा धागा ताणून घेतो. खरे तर धागा फटीत थोडा तिरका आणि सैल पडावा लागतो. ताण्याच्या वरून-खालून जाताना त्याला सरळ रेषेपेक्षा जास्त लांबी लागते. दुसरा दोष ठोक्यातला. जोर कमी-जास्त झाला की कापडावर दाट आणि विरळ पट्टे उमटतात. तिसरा दोष न दिसलेल्या तुटक्या धाग्याचा. अनुभवी विणकराला तुटलेला धागा डोळ्याआधी कानाला आणि पायाला जाणवतो, कारण मागाचा आवाज आणि पावडीचा भार किंचित बदलतो.

पाटणचे पटोळे

संस्थानाच्या उत्तरेकडच्या पाटण गावात घरच्या शिक्षणाची सर्वांत अवघड पायरी होती. पाटण हे सोलंकी राजांच्या राजधानीचे जुने नगर १९४९ पर्यंत बडोदे राज्यात होते. तिथले साळवी रेशमी पटोळे विणतात. बाराव्या शतकात कुमारपाल राजाने साळव्यांची कुटुंबे महाराष्ट्रातल्या जालन्याहून आणवली, अशी त्यांची परंपरा सांगते.

पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवलेले असतात. नक्षीचा प्रत्येक ठिपका दोन्ही दिशांच्या धाग्यांवर आधी मोजून बांधायचा आणि विणताना तो नेमका एकमेकांवर आणायचा. त्यासाठी पटोळ्याचा माग एका बाजूला कललेला असतो आणि त्यावर दोन माणसे बसतात. थोडे विणून झाले की ताण सैल करून सुईने धागे सरकवून नक्षी जुळवतात. एका साडीला कित्येक महिने लागतात. अशा कामात विणणाराच गणित करतो, रंगवतो आणि बांधतो. म्हणून शिकण्याचा काळ वर्षांत मोजावा लागतो, आणि विद्या काही मोजक्या घरांतच राहिली.

गिरणीचे सूत आणि धंद्याची घसरण

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापसाची गिरणी काढली, अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी १८६१ मध्ये सुरू झाली. त्याआधीच मँचेस्टरचे कापड गुजरातेत पोचले होते. पहिला फटका सूत कातणाऱ्या बायकांना बसला. गिरणीचे सूत स्वस्त, सारखे आणि मजबूत होते, त्यामुळे चरखे माळ्यावर गेले आणि वणकर गिरणीचे सूत घेऊन विणू लागले. पुढे गिरणीचे कापडच गावात आले. ज्या वणकराला मागावर पोट भरेना तो शेतमजुरीला किंवा गिरणीत गेला. मागाशेजारी मूल बसवण्याची पद्धत इथून ढिली पडली, कारण ज्या धंद्यात बापाचे भागत नाही तो मुलाला शिकवून काय साधणार, हा विचार घरोघरी येणारच होता.

या घसरणीचा अर्थशास्त्रीय इतिहास लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये सयाजीरावांच्या बोलावण्यावरून बडोद्याच्या कारभारात आले. १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यात वारले. इंग्रजी अमलाखाली देशी कारागिरी कशी मोडली, हा त्यांच्या ग्रंथांचा मुख्य विषय. पण बडोद्याने या प्रश्नावर उपाय शोधायला त्यांच्या आगमनाच्या चौदा वर्षे आधीच सुरुवात केली होती.

कलाभवन

सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपात गेले. युरोपच्या उद्योगामागे यंत्राइतकेच शिक्षण आहे, हे त्यांनी हेरले. संस्थानाने १८८० च्या दशकात स्वतःच्या पैशाने कापडाची गिरणीही काढली होती. खासगी भांडवल पुढे येत नव्हते, म्हणून राज्याने वाट दाखवावी हा त्यामागचा हेतू. अशा वेळी सुरतचे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. जन्माने सुतार कुळातले, विद्येने रसायनज्ञ, आणि रंगाईच्या धंद्याचे अभ्यासक. कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शास्त्र शिकवावे, या त्यांच्या आग्रहाला महाराजांनी पाठबळ दिले आणि १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. गज्जर त्याचे पहिले प्रमुख.

मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट तीन वर्षे आधी, १८८७ मध्ये, सुरू झाली होती. पण तिथला व्यवहार इंग्रजीतला. कलाभवनाने देशी भाषेतून शिकवण्याचे ठरवले आणि त्यासाठी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेत तांत्रिक विषयांची गुजराती पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम, रंगाईचे रसायन आणि विणकाम असे विषय तिथे एका छपराखाली आले. याच संस्थेत तेव्हा दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकत होते. बडोद्यातल्या मराठी नोकरदार कुटुंबांच्या दृष्टीनेही कलाभवन म्हणजे कारकुनीखेरीज दुसरा मार्ग होता.

विणकाम वर्गात आले तेव्हा त्याचा क्रम उलटला. घरच्या मुलाच्या बोटांना आधी धागा कळे आणि कारण पुढे कधीतरी कळे, किंवा कळतही नसे. शाळेतल्या विद्यार्थ्यापुढे आधी चौकटीचा कागद येतो. उभा धागा वर असेल तर चौकट भरायची, आडवा वर असेल तर कोरी ठेवायची. एकाआड एक भरली की साधी वीण, भरलेली चौकट प्रत्येक ओळीत एक घर सरकवली की तिरप्या रेघांची वीण, आणि ती दूर दूर विखुरली की साटिनची गुळगुळीत वीण. याच कागदावरून कोणता धागा फासांच्या कोणत्या चौकटीत ओवायचा आणि कोणती पावडी कधी दाबायची हे ठरते. मग कापडाचा तुकडा भिंगाखाली धरून त्याचे धागे मोजणे, सुताचा नंबर काढणे, वजन आणि खर्च बांधणे हे धडे येतात. घरी शिकलेला विणकर एका प्रकारचे कापड अचूक विणी. वर्गात शिकलेल्याला समोर आलेले कोणतेही कापड उलगडून पुन्हा मांडता येई, भले त्याचा हात सावकाश चालो.

या फरकाचा परिणाम पुढे नोकऱ्यांत दिसला. गिरणीला मागावर बसणारा तज्ज्ञ नको होता. तिला विणीचे आराखडे वाचणारा, यंत्र समजणारा आणि मजुरांवर देखरेख करणारा माणूस हवा होता. कापडगिरण्या आणि रंगाईचे कारखाने हे कलाभवनात शिकलेल्यांचे स्वाभाविक ठिकाण ठरले. शिवाय या वर्गात बसायला लिहिता-वाचता येणे ही पहिली अट होती. सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी १८८० च्या दशकात वेगळ्या शाळा काढल्या, १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केले. तरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलेल्या वणकराच्या मुलाला घरच्या मागापासून कलाभवनाच्या वर्गापर्यंतचे अंतर फार मोठे होते.

दोरीच्या झटक्याचा धोटा

घरचा माग आणि शाळा यांच्यामध्ये एक सुधारणा मात्र दोन्हीकडे पोचली. जुन्या मागावर विणकर धोटा एका हाताने फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा दोन हातांच्या पोहोचीपुरता राही आणि प्रत्येक धाग्यासाठी दोन्ही हात अडकत. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धोटा पळवण्याची युक्ती काढली. फणीच्या चौकटीलाच दोन्ही बाजूंना पेट्या बसवल्या, मध्ये धोट्याला धावायला पट्टी केली, आणि एका हाताने दोरी ओढली की धोटा या पेटीतून त्या पेटीत जाऊ लागला. दुसरा हात फणी ओढायला मोकळा राहिला. काम जवळजवळ दुप्पट झाले आणि रुंद कापड एका माणसाला विणता येऊ लागले.

हिंदुस्थानात ही फ्लाय शटलची पद्धत बंगालात श्रीरामपूरकडे आधी रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी ई. बी. हॅवेल यांनी तिचा मोठा पुरस्कार केला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हातमाग सुधारण्याच्या प्रयोगांत गुंतले होते. १९०२ मध्ये अहमदाबादेत काँग्रेसबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन सयाजीरावांनी केले. १९०५ च्या स्वदेशी चळवळीनंतर हातमागाला एकाएकी मागणी आली. याच सुमारास, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग बसवला आणि तिथे विणकामाचे शिक्षण वेगळ्याच दिशेने गेले. इचलकरंजीत नवशिक्या कारखान्यातल्या मागाजवळ उभा राहून शिकू लागला; खड्डा, पावड्या आणि घरचा रहाट हे त्याच्या अनुभवातून गेले.

नवशिक्याच्या दृष्टीने फ्लाय शटलने एक गोष्ट सोपी आणि एक अवघड केली. धोटा झेलण्याचे कसब लागेनासे झाले. पण झटका जास्त बसला तर धोटा पेटीवर आपटून परत येतो आणि बाण्याचा धागा सैल पडून गुंता होतो. कमी बसला तर धोटा मध्येच अडतो, आणि त्याच वेळी फणी ओढली तर कित्येक धागे एकदम तुटतात. जुन्या विणकरांना आयुष्यभराची सवय मोडून ही लय पुन्हा शिकावी लागली.

आश्रमातले नवशिके

जातीने विणकर नसलेल्या आणि गिरणीत नोकरीही नको असलेल्या लोकांनी विणायला बसणे, ही गोष्ट गांधीजींच्या आश्रमात घडली. गांधीजींनी आत्मकथेत तिची हकीकत दिली आहे. आश्रमात माग आणले, पण तिथल्या कोणालाच विणता येत नव्हते. सगळे पांढरपेशे किंवा व्यापारी घरांतले. पालनपूरहून एक जाणकार आणला, पण त्याने आपली सगळी विद्या दिली नाही. यंत्रकामाची उपजत समज असलेल्या मगनलाल गांधींनी ती स्वतः पुरी केली आणि पुढे एकेकाला शिकवले. जी विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही असा पिढ्यांचा संकेत होता, ती पैसे देऊनही सहज मिळत नाही, हे यातून दिसते.

आश्रमात आलेल्या पहिल्या मंडळींत बडोद्याहून आलेले मराठी लोक ठळक होते. केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात काका कालेलकर आणि मामासाहेब फडके होते. दोघेही पुढे गांधीजींकडे आले, आणि फडक्यांनी गोध्रा येथे अंत्यजांसाठी आश्रम चालवला. विनोबा भावे यांचे शिक्षण बडोद्यात झाले. त्यांचे वडील नरहरपंत बडोद्यात नोकरीला होते आणि कापड रंगवण्याच्या शास्त्रात त्यांना गती होती. विनोबा जून १९१६ मध्ये अहमदाबादजवळच्या कोचरबच्या आश्रमात दाखल झाले. तिथे ब्राह्मण तरुणाने मागावर बसणे हाच त्या काळी सामाजिक धडा होता. विनोबांनी पुढे वर्धा भागात कताई-विणाई हा शिक्षणाचा पाया मानला.

आश्रमातले पहिले कापड गिरणीच्या सुताचे होते. हातसूत हवे तर चरखा हवा, आणि तो कुठे दिसेना. १९१७ मध्ये भडोचला गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. त्यांनी गुजरात पालथा घालून अखेर बडोदे राज्यातल्या विजापूर गावी चरखे शोधून काढले. तिथे ते अनेक घरांच्या माळ्यावर पडून होते. पेळू, म्हणजे कातायला तयार केलेल्या कापसाच्या वळकट्या, पुरवले आणि सूत विकत घेतले तर आम्ही कातू, असे बायकांनी सांगितले.

हातसूत मागावर आले तेव्हा नवी अडचण उभी राहिली. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक आणि पिळाला असमान असतो. बाण्यात तो चालतो, पण ताण्यावर सतत ताण येत असल्याने पटापट तुटतो. आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीला वाराला सतरा आणे खर्च आला, आणि पन्हा जेमतेम तीस इंचांचा होता. गांधीजींनी पंचेचाळीस इंची धोतर मागितले आणि गंगाबेननी ते महिन्याच्या आत पाठवले. त्याच सुमारास काठेवाडातल्या लाठीहून रामजी हे विणकर आणि त्यांची पत्नी (तिचेही नाव गंगाबेनच) आश्रमात आले. या जोडप्याने गुजरातेत आणि बाहेरही कित्येकांना हातसुताचे विणकाम शिकवले. कौशल्य वणकर घराण्यांकडेच होते. आश्रमाने एवढे केले की त्या घराण्यातल्या माणसाला शिक्षकाची जागा दिली आणि इतर जातींच्या लोकांना त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसवले.

विद्यापीठाच्या काळात

१९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेत सामावले, आणि राजमहाल रस्त्यावरची ती वास्तू आजही त्याच नावाने ओळखली जाते. तिथल्या वस्त्र-अभियांत्रिकीचा रोख यंत्रावर राहिला. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना सुरू झालेल्या गृहविज्ञान शाखेत वस्त्रांचा अभ्यास मुलींच्या उच्च शिक्षणाचा भाग झाला. ललित कला शाखेत १९५१ पासून शिकवणारे के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळाच्या रचनाविभागात होते. तिथून परतल्यावर कारागिरी आणि कला यांतली भिंत नको, हा विचार त्यांनी बडोद्यात रुजवला. त्यांची विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी हिने तागाच्या दोऱ्यांना गाठी मारून मागाशिवाय मोठी शिल्पे केली.

अशा रीतीने घरच्या मागावरचे शिक्षण पोटासाठी होते आणि जातीत बांधलेले होते. कलाभवनाने विणीचे शास्त्र सर्वांसाठी मांडले, पण त्याचा फायदा हातमागापेक्षा गिरणीला अधिक झाला. आश्रमाने माग जातीबाहेर नेला, पण त्यावर उपजीविका उभी करणे अवघड राहिले. विद्यापीठात विणकाम अभ्यासाचा आणि रचनेचा विषय झाले. लहानपणापासून हाताला मिळणारे वळण आज पाटणच्या काही साळवी घरांत टिकून आहे. पटोळ्याला अजून मोल मिळते, आणि त्याची नक्षी मागावर जुळवणारा हात दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लवकर तयार होत नाही, ही त्यामागची दोन कारणे.